मुंबईला स्वतःची वीज हवी, की बाहेरून आणलेली पुरे?

दादर_पश्चिम:
१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली. लोकल मध्येच अडकल्या, माणसं रुळांवर उतरून चालू लागली. विद्यापीठाच्या अंतिम वर्षाच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. कोविडचे दिवस; रुग्णालयांत किमान आठ तासांचं डिझेल ठेवा, असा आदेश महापालिका आयुक्तांनी दिला.

कळवा-पडघा या ४०० केव्हीच्या वीजवाहिनीचं एक सर्किट दुरुस्तीसाठी बंद होतं, भार दुसऱ्यावर होता आणि तिथेच बिघाड झाला, असं तेव्हा सरकारने सांगितलं. बाहेरची ग्रिड, म्हणजे वीजवाहिन्यांचं जाळं, पडली तर मुंबईला तिच्यापासून तोडून शहरातल्या विजेवर चालू ठेवायची, ही आयलंडिंगची सोय आपल्याकडे ऐंशीच्या दशकापासून आहे. त्या दिवशी ती टिकली नाही, कारण शहरातली निर्मिती मागणीच्या मानाने फार कमी होती. बाहेरची वीज स्वस्त, म्हणून इथले वीजनिर्मिती संच कमी भारावर ठेवतात. माझं मत स्पष्ट आहे: शहरातलं ट्रॉम्बेचं वीजकेंद्र बंद करण्याची भाषा थांबवा. बिल वाढलं तरी चालेल.

चेंबूरकरीण:
बिल तुमचं वाढेल, धूर आमच्याकडे येईल. माहुलला आधीच रिफायनऱ्या आहेत, त्यात ट्रॉम्बेचे कोळशाचे संच. माझ्या मुलाच्या दप्तरात कायम इनहेलर असतो. खारघर-विक्रोळी ४०० केव्ही लाइन वर्षानुवर्षं रखडली आणि २०२३ मध्ये सुरू झाली. ती वेळेत झाली असती तर भार एका वाटेवर आला नसता. लाइनी वाढवा, संच नकोत.

सबस्टेशनवाला:
ताई, एखादी लाइन पडली तर दुसरी लाइन वाचवते. अख्खी ग्रिडच पडली तर दहा लाइनी असून उपयोग नाही. ३१ जुलै २०१२ ला उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशा तीन ग्रिड एकदम बसल्या, साठ कोटींच्या आसपास लोकांच्या भागातली वीज गेली.
आणि दादरकर, नुसते संच असून भागत नाही. मागणी निर्मितीपेक्षा जास्त राहिली की फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झच्या खाली घसरत जाते आणि संच स्वतःला वाचवायला ट्रिप होतात, म्हणजे आपोआप बंद पडतात. म्हणून काही सेकंदांत कुणाची तरी वीज तोडावीच लागते. कुणाची आधी तोडायची, ही यादी चोख हवी. १२ ऑक्टोबरला डहाणूचं वीजकेंद्र चालू राहिलं आणि मुंबईतल्या अत्यावश्यक सेवांना ३८५ मेगावॉट देत होतं, हे विसरू नका.

ऊर्जानगर_चंद्रपूर:
लाइनी वाढवा म्हणणाऱ्यांनी त्या लाइनीचं दुसरं टोक कुठे आहे ते पाहावं. चंद्रपूरचं कोळशावरचं वीजकेंद्र २९२० मेगावॉटचं. राख आमच्या छपरांवर, आमच्या नदीत. आणि आमच्याच शेतकऱ्याला पंपासाठी आलटून पालटून रात्रीची वीज. थंडीत, सापाकिरड्यात पाणी द्यायला जायचं. मुंबईत काही तास वीज गेली तर चौकशी समिती नेमतात. आमच्या रात्रीच्या विजेची चौकशी कुणी केली?

चेंबूरकरीण:
तुमचं म्हणणं मान्य आहे. माझ्या मुलाच्या छातीतला धूर तुमच्या मुलाच्या छातीत जावा, असं मी म्हणत नाहीये. भिरा, भिवपुरी, खोपोली मिळून साडेचारशेच्या आसपास मेगावॉट जलविद्युत आहे. ती आणीबाणीसाठी राखून ठेवा, जोडीला शहरात बॅटऱ्या उभारा.

दादर_पश्चिम:
उन्हाळ्यात मुंबईची मागणी साडेतीन हजार मेगावॉटच्या वर जाते. साडेचारशेत काय होणार? बॅटऱ्या काही तास तग धरतील, पुढे काय?

सबस्टेशनवाला:
सगळी मुंबई चालवायचीच नाहीये. रुग्णालयं, लोकल आणि पाण्याचे पंप एवढंच चालू ठेवायचं. मॉलचे एसी आणि आपल्या घरातले पंखे काही तास बंद राहिले तर राहू देत.

ऊर्जानगर_चंद्रपूर:
बॅटऱ्या उभारा, माझी ना नाही. फक्त त्याचा खर्च मुंबईच्याच बिलात घाला. पारेषणाचा, म्हणजे वीज लांबवर वाहून नेणाऱ्या लाइनींचा, खर्च राज्यातल्या सगळ्या वितरण कंपन्यांत वाटला जातो, म्हणजे तुमच्या त्या खारघर-विक्रोळीचे पैसे आम्हीही भरतो आहोत.