चिलखत फक्त छाती-पाठच का झाकतं? (लवकर मदत हवी आहे)

निळी शाई:
मंडळी, एका जागी अडकून पडलोय. चिलखतात छाती आणि पाठ झाकतात, पण हात, मांड्या, गळा, सगळं उघडं. असं का? अख्ख्या अंगाला का करत नाहीत? 'वजन' हे उत्तर मला ठाऊक आहे, ते नको. वजन अंगभर वाटून टाकता येतंच की. आज रात्रीपर्यंत हवंय. गूगल करा म्हणू नका, तिथूनच वैतागून आलोय.

खडूफळा:
कुठलं चिलखत? तलवारीचं, गोळीचं, सुरीचं? कोणत्या काळातलं?

निळी शाई:
नेहमीचं हो.

खुंटी:
'नेहमीचं' म्हणजे काय डोंबल? तुमचं गृहीतकच चुकलंय. पंधराव्या शतकात युरोपात डोक्यापासून पावलापर्यंत पोलादी चिलखत होतंच, १५ ते २५ किलोचं, आणि ते घालून लोक आपापले घोड्यावर चढत. तरी काखेत आणि जांघेत पत्रा नसे, तिथे कड्यांची जाळी लावत. पत्रा वाकत नाही, काख वाकते. पुढे बंदुका आल्या, छातीचा पत्रा जाड करावा लागला, मग तेवढं वजन कुठून तरी काढायचं. आधी नडग्या गेल्या, मग मांड्या, मग हात. सतराव्या शतकाच्या अखेरीस घोडेस्वाराकडे छाती-पाठ आणि शिरस्त्राण एवढंच उरलेलं दिसतं. छातीच्या पत्र्यावर कारखान्यातच गोळी झाडून पोचा पाडून ठेवत, गिऱ्हाइकाची खात्री पटावी म्हणून. काही पत्र्यांवर तो पोचा आजही दिसतो.
आणि इराणी-मुघल चारआईना बघा. जाळीच्या सदऱ्यावर चार पत्रे: पुढे, मागे, दोन्ही बगलांना. आजच्या सैनिकाच्या प्लेटा त्याच चार जागी असतात.

निळी शाई:
इतिहास छान आहे, पण मला तो नकोय. आजचं. गोळीचं.

सुस्त अजगर:
हे पहिल्या ओळीत लिहायचं ना राव. असो, हिशेब करू. अमेरिकी सैन्याची रायफलची गोळी अडवणारी मधल्या मापाची सिरॅमिक प्लेट साधारण २४ बाय ३२ सेंमी, वजन अडीच किलोच्या आसपास. प्रौढ माणसाच्या कातडीचं क्षेत्रफळ धरा १.८ चौरस मीटर. म्हणजे अंगभर मढवायला २३-२४ प्लेटा, ५८ किलोच्या वर. वाटून टाकलंत तरी ५८ चे ५८च राहतात.
शिवाय वाटून टाकल्याने उलट नुकसान होतं. २०११ साली लीड्स विद्यापीठातल्या संशोधकांनी जुन्या धाटणीचं पूर्ण चिलखत घातलेल्या माणसांना ट्रेडमिलवर चालवलं. चालायची ऊर्जा दुपटीहून जास्त लागली. तेवढंच ओझं पाठीवर घेतलं असतं तर कमी लागली असती, कारण नडगीवरचं वजन प्रत्येक पावलागणिक झुलवावं लागतं.

खडूफळा:
प्लेटचे वरचे कोपरे कापलेले असतात, दंड हलावेत म्हणून. तुमचं क्षेत्रफळ जास्त आलंय. साठच्या पुढे जाईल.

सुस्त अजगर:
मान्य. ६० घ्या, ६५ घ्या. उचलणार कोण?

पोटमाळा:
एक्सोस्केलेटन, म्हणजे अंगावर चढवायचा यांत्रिक सांगाडा! मी कधीपासून घसा कोरडा करतोय. वजन यंत्राने उचललं की सगळे वाद मिटतात.

कडुलिंब:
पेशाने सर्जन आहे, म्हणून दोन शब्द. लागल्यानंतर माणसाच्या हातात किती वेळ उरतो, त्यावरून प्लेटची जागा ठरते. हृदय, महाधमनी, फुफ्फुसांच्या मुळाशी असलेल्या मोठ्या रक्तवाहिन्या. यांना भोक पडलं तर काही मिनिटं, आणि बाहेरून कुठेही दाबून रक्त थांबत नाही. मांडीची मोठी धमनी तुटली तरी मिनिटंच, पण तिथे वर टूर्निके, म्हणजे रक्त थांबवायचा पट्टा, आवळता येतो. बरोबरच्या शिपायाला, नाहीतर ज्याला लागलंय त्यालाच. आतड्याला लागलं तर बहुधा तास मिळतात. यकृत-प्लीहा फुटली तर नाही, पण अख्खं पोट कडक पत्र्याने झाकलं तर माणूस वाकणार कसा?
म्हणून प्लेटची वरची कड गळ्याखाली, दोन हासळ्यांमधल्या खळगीशी येते आणि खालची बेंबीच्या बरीच वर संपते. सिनेमात ती पोटावर लोंबत असते, आणि वर हृदयाच्या वाहिन्या उघड्या!
खरी भीती जांघ, काख आणि मान यांची. तिथे पट्टा आवळता येत नाही आणि पत्राही बसत नाही.

पोटमाळा:
बसेल. यंत्राला सांधे देता येतात.

कडुलिंब:
वजन उचललं जाईल, मानेचं काय कराल? चिलखत गोळी अडवतं तेव्हा ते स्वतः आत दबतं. अमेरिकेच्या एनआयजे (तिथल्या न्याय खात्याची संशोधन संस्था) मानकात चाचणीवेळी मागे माती ठेवतात, तिच्यात ४४ मिमीपर्यंत खळगा चालतो. बरगड्यांवर तेवढं दबलं तर काळंनिळं होईल, फार तर बरगडी मोडेल. गळ्यावर ४४ मिमी म्हणजे श्वासनलिका गेलीच. तिथे छर्ऱ्यांपुरती मऊ कॉलर लावतात, रायफलच्या गोळीला ती काय पुरणार?

खडूफळा:
पण मग आकडे उलटे कसे? अलीकडच्या युद्धांत रुग्णालयात आलेल्या जखमांमध्ये हातापायांच्याच निम्म्याहून जास्त होत्या. चिलखत तिथे नको का?

सुस्त अजगर:
छातीत लागलेले रुग्णालयात पोचतात का आधी ते बघा! दुसऱ्या महायुद्धात संख्याशास्त्रज्ञ अब्राहम वॉल्डने विमानांबद्दल हेच दाखवलं. परतलेल्या विमानांना जिथे भोकं नव्हती तिथेच पोलाद लावायला हवं, कारण तिथे लागलेली परतलीच नव्हती.

खुंटी:
वॉल्ड आला म्हणजे धागा संपला. विमानाला कोपर-गुडघे नसतात हो. आणि प्लेटांनी छाती वाचवली म्हणूनही हातापायांचं प्रमाण वाढलंय, तेही धरा.

सुस्त अजगर:
म्हणजे प्लेट योग्य जागी आहे. मी वेगळं काय म्हणतोय?

वळणदार रस्ता:
मी बाइकवाला. आमच्या रायडिंग जॅकेटात बरोबर उलटं! कोपर, खांदे, पाठीचा कणा यांना गार्ड, गुडघ्यांना पँटमध्ये, आणि छातीचं बहुतेकदा वेगळं घ्यावं लागतं. पडताना तेच आधी रस्त्याला लागतं म्हणून. बाय द वे, पाठीचं लेव्हल १ घ्यावं की २?

खडूफळा:
२. चाचणीत लेव्हल १ मधून पाठीपर्यंत सरासरी १८ किलोन्यूटनपर्यंत जोर पोचलेला चालतो, २ मध्ये ९.

वळणदार रस्ता:
पण २ उन्हाळ्यात उकडतं का?

निळी शाई:
बाइकवाल्यांनी वेगळा धागा काढा प्लीज!! कादंबरी लिहितोय. नायकाच्या अंगात चिलखत आहे, त्याला गोळी लागते, आणि तो चार तास जगून शेवटी सगळं सांगून मरतो. खांद्यात मारली होती, संपादक म्हणतात पटत नाही.

खुंटी:
हे आत्ता सांगताय?

कडुलिंब:
संपादकांचं बरोबर आहे. खांदा म्हणजे सुरक्षित जागा हा सिनेमाचा समज. हासळीखालून मोठी धमनी आणि हाताच्या सगळ्या नसा जातात. तिथे फुटली तर चार तास विसरा. वाहिनी वाचली तर मरायचं काही कारण नाही. प्लेटच्या खाली, पोटाच्या बाजूला मारा. आतडं फाटेल, पोट फळीसारखं कडक होईल, तहान लागेल, हललं की कळ येईल, पण बोलणं चालू राहील.

निळी शाई:
मस्त. फक्त प्लेट नाहीये. पोलिसांचं असतं ना, शर्टाखाली घालायचं कापडी, ते.

सुस्त अजगर:
मग आख्खा धागा फुकट! मऊ जॅकेट पिस्तुलासाठी असतं. केव्हलारसारखे धागे, थरावर थर, म्हणून ते बगलांना गुंडाळता येतं आणि पोटाचाही बराच भाग झाकतं. गोळी पिस्तुलाची की रायफलची?

निळी शाई:
रायफल. फरक पडतो?

सुस्त अजगर:
रायफलची गोळी आरपार जाईल, जॅकेट असून नसल्यासारखं. तुम्हाला पाहिजे तिथे मारा, चिलखताचा प्रश्नच मिटला.

निळी शाई:
नाही नाही, चिलखताने वाचवल्यासारखं वाटायला हवं. मग पिस्तूल करतो. दोन गोळ्या. एक छातीवर अडते, दुसरी जॅकेटच्या कडेखालून ओटीपोटात. चालेल?

कडुलिंब:
चालेल. पण पहिलीनेही तो कळवळेल, धाप लागेल, तेवढ्यात दुसरी लागल्याचं त्याला कळणारही नाही कदाचित. आणि बरोबरच्या पात्राने त्याला पाणी पाजू नये, नाहीतर डॉक्टर वाचक पत्रं पाठवतील.