कोकणातल्या बंद घराला वाळवी लागलीय, काय करावं?

मीनल_ठाणे

देवरुखजवळ आमचं जुनं घर आहे. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं. पूर्वी शेणाने सारवलेली जमीन होती, तिथे बाबांनी नंतर लाद्या बसवल्या. गणपती, शिमगा आणि मे महिना सोडला तर घर बंदच. शेजारचे आबा अधूनमधून दारं उघडून ठेवतात तेवढंच.

या खेपेला गेलो तर माजघराच्या दाराला जमिनीपासून वरपर्यंत मातीची रेघ चढलेली. नखाने टोकरली तर आतले पांढरे किडे सैरावैरा पळाले. चौकटीवरचा ऑइलपेंट शाबूत, पण खालच्या हातभर भागावर टकटक केलं की पोकळ वाजतं. उंबऱ्याजवळ स्क्रू ड्रायव्हर काही जोर न लावता मुठीपर्यंत आत गेला. फडताळाच्या तळाला ठेवलेली खरेदीखतं आणि जुने सातबारे मातीने एकमेकांना चिकटून त्यांचा लगदा झालाय.

ठाण्यातल्या एका पेस्ट कंट्रोलवाल्याने फोटो बघून फोनवरच "पूर्ण घर करून देतो, दहा वर्षं गॅरंटी" म्हटलं. दुसरा म्हणतो, चौकटीवर फवारलं की झालं. गावात विचारलं तर रॉकेल मारा आणि डांबर फासा. मागच्या दारापासून पाच-सहा पावलांवर विहीर आहे, प्यायला पाणी तेच. आईला दमा आहे. नक्की काय करायचं? आणि चांगला माणूस ओळखायचा कसा?

टिल्लू_पुणेकर

आधी एक. रेघ आणखी मोडू नका आणि हिट-बिट मारू नका. ती वाट सोडून दुसरीकडून चढतील, मग शोधत बसा. जाणकार येईपर्यंत वाचतोय. आमच्याही कपाटाखाली हल्ली बारीक भुसा पडतोय.

जोतेवाला

मी पेस्ट कंट्रोलवाला नाही, पण बांधकामांवर सुपरवायझर म्हणून आयुष्य गेलंय आणि वाळवीची कामं पुष्कळ करून घेतलीत. मोठा प्रतिसाद आहे, सवडीने वाचा.

तुमच्या चौकटीत दिसली ती कामकरी वाळवी. तिचं घर चौकटीत नाही, जमिनीत आहे. लाकूड खायचं आणि परत खाली जायचं, हा तिचा दिवसभराचा धंदा. अंग नाजूक, उघड्या हवेत सुकून मरते, म्हणून माती आणि लाळेचा तो बोगदा बांधून त्यातून चालते. आता चौकटीवर फवारलं तर त्या क्षणी वर असलेल्या मरतील, खालच्यांना पत्ताही लागणार नाही. फवारणीवाल्याला इथेच नमस्कार करा. रॉकेलचंही तेच. वास उडाला की पुन्हा येरे माझ्या मागल्या.

औषध जमिनीत, भिंतीच्या पायाशी पोचलं पाहिजे. उभ्या इमारतीसाठी भारतीय मानकच आहे, आयएस ६३१३ भाग ३. त्याप्रमाणे भिंत आणि लादी जिथे मिळतात त्या रेषेवर १२ मिलिमीटरची भोकं, दर ३० सेंटिमीटरवर. प्रत्येक भोकात साधारण लिटरभर औषधाचं पाणी दाबाने सोडायचं आणि मग भोकं सिमेंटने बुजवायची. चौकटीला वेगळं: लाकूड आणि भिंतीच्या सांध्यात ६ मिलिमीटरची भोकं, दर १५ सेंटिमीटरवर, खालच्या बाजूला ४५ अंशात तिरकी, आणि पिईल तेवढं पाजायचं, फार तर अर्धा लिटर. माणूस आला की सरळ विचारा, "भोकं किती एमएमची, किती अंतरावर?" जो उत्तर न देता गॅरंटीवर जातो त्याला चहा पाजून परत पाठवा.

औषधं आपल्याकडे मुख्यतः दोन चालतात. क्लोरपायरीफॉस २० टक्के ईसी (पाण्यात मिसळायचं तेलकट द्रावण), लिटरला ५० मिली. पाण्यात घातल्यावर दुधासारखं पांढरं होतं, उग्र वास बरेच दिवस राहतो. दुसरं इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के, लिटरला २.१ मिली. त्याला वास जवळपास नसतो आणि त्याची खुबी अशी की वाळवीला ते कळतच नाही. ती त्यातून चालत जाते, अंगाला लागलेलं इतरांपर्यंत नेते, सावकाश मरते. म्हणजे दुसऱ्या दिवशी जिवंत किडे दिसले तर काम फसलं असं नाही. आईंना दमा आहे तर क्लोरपायरीफॉस नकोच.

सगळ्यात मोठी चोरी मापात होते. सीलबंद डबा तुमच्यासमोर फोडायला लावा, तारीख बघा, मोजपात्रानेच मोजायला लावा. झाकणाच्या अंदाजाने ओतणारे मी पाहिलेत. आणि रिकामा डबा तिथेच चेचून भोसकून घ्या, नाहीतर गावात कोणीतरी त्यातच पाणी भरून ठेवतं.

मीनल_ठाणे

जोतेवाला, इतकं सविस्तर कोणीच सांगितलं नव्हतं. पण विहिरीचं काय? वास नाही म्हणजे ते दुसरं औषध विहिरीला चालेल का?

जोतेवाला

अजिबात नाही. उलट इमिडाक्लोप्रिड पाण्यात चांगलंच विरघळतं, पाण्याबरोबर सरकतं. त्यात तुमची जमीन जांभ्याची. कातळाला भेगा आणि भोकं असतात, इथे ओतलेलं तिथे निघतं. विहिरीच्या अंगाला बाहेरून चर खणून औषध सोडायचं नाही, आणि त्या बाजूच्या भिंतीलगत आतूनही भोकं नकोत. ठाण्याचा माणूस "पूर्ण घर" म्हणतोय त्यात हे सगळं आलं, म्हणून तर फोनवर भाव ठरवू नका. विहीर बघून जो स्वतःहून थांबतो तो खरा माणूस.

त्या बाजूला कोरडेपणा हेच औषध. पागोळ्या भिंतीच्या पायाशी पडतात का? पडत असतील तर पन्हळ लावा आणि पाणी लांब काढा. मागच्या पडवीत जळाऊ लाकडं, नारळाच्या झावळ्या, पेंढा भिंतीला टेकून रचलाय का? रचलेलाच असणार, कोकणात कुठे नसतो! तो भिंतीपासून हातभर लांब, दगडांवर ठेवा. जमिनीत राहून गेलेलं जुनं खोड असेल तर उपटा. तिकडच्या चौकटीच बदला, ते पुढे लिहितो.

काकू_सावंतवाडी

रॉकेलला हसा हवं तर, पण आमच्याकडे वाशांना आणि रिपांना काजूच्या टरफलाचं तेल लावायची पद्धत आहे आणि ते टिकतं. सासऱ्यांच्या काळातले वासे अजून आहेत. मात्र हात उघडे ठेवून लावाल तर फोड येतील, बिब्ब्यासारखे. आणि वास महिनोन्‌महिने जात नाही, तेव्हा राहत्या खोलीत नको, माळ्यावर ठीक.

आणि कृपा करून परसातली रोयण, म्हणजे वाळवीचं वारूळ, फोडायला माणसं लावू नका. पावसात तिच्यावर अळंबी उगवतात, ती बाजारात काय भावाने जातात विचारा. नागोबाचं ठिकाण म्हणून घरातलेही हात लावू देणार नाहीत ते वेगळंच.

जोतेवाला

काकू, टरफलाच्या तेलाला अनुमोदन. वाशांसाठी उत्तम, फक्त जमिनीतून येणारी वाट त्याने बंद होत नाही. रोयणीचं म्हणाल तर अळंबीचं बी तिथे मुद्दाम कोणी टाकत नाही. वारूळ करणारी वाळवी आत बुरशीची शेती करते, चावलेल्या लाकडा-पाल्यावर ती बुरशी वाढवते आणि खाते. पावसात तीच बुरशी अळंबी होऊन वर येते. राणी शोधून मारली की सगळं संपतं असं सांगून खड्डे खणणारेही असतात. परसातली वस्ती आणि चौकटीतली वस्ती एकच असेल याची खात्री कोण देणार? घरापासून लांब असेल तर राहू द्या.

टिल्लू_पुणेकर

माझ्या भुशाचं कोणीतरी सांगा की हो.

जोतेवाला

मातीच्या रेघा आहेत? नसतील तर बहुधा जमिनीतली वाळवी नाही. भुसा मैद्यासारखा असेल आणि लाकडाला टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं असतील तर तो भुंगेरा. रव्यासारखे कडक, एकसारखे दाणे पडत असतील तर ती सुक्या लाकडातली वाळवी, ती जमिनीत न जाता लाकडातच राहते. दोन्हींत जमिनीला भोकं पाडून काही उपयोग नाही. औषध त्या लाकडातच द्यायचं किंवा ती फळी काढून टाकायची. मूठभर भुसा काळ्या कागदावर घेऊन उन्हात बघा, लगेच कळेल.

प्रिया_डोंबिवली

थोडं अवांतर होईल, पण फ्लॅटवाल्यांसाठी. आम्ही चौथ्या मजल्यावर आणि तरीही स्वयंपाकघराच्या ट्रॉलीमागे वाळवी निघाली. सगळे म्हणाले इतक्या वर कशी येईल. डक्टमधून, म्हणजे पाइपांच्या उभ्या पोकळीतून आली. पाइपाची गळती, ओली भिंत, आणि तळमजल्यापासून चढलेली रेघ. आमच्या एकट्याच्या घरात औषध मारून काही झालं नाही, सोसायटीने तळमजला आणि डक्ट केलं तेव्हा थांबलं. सर्वसाधारण सभेत विषय लावून घ्या, "तुमच्या फर्निचरचा प्रश्न" म्हणून उडवून लावतात.

नवीन इमारत असेल तर बिल्डरकडे वाळवी प्रतिबंधाच्या कामाचं प्रमाणपत्र मागा. पाया घालतानाच हे काम करतात आणि त्याची हमी सहसा दहा वर्षांची असते. शिवाय रेरा (स्थावर संपदा) कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष लेखी कळवला तर ३० दिवसांत बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. फोनवर नको, ईमेल आणि रजिस्टर पत्र.

कागदोपत्री

मीनलताई, कागदांसाठी जीव जाळू नका. सातबारा डिजिटल सहीचा ऑनलाइन मिळतो. खरेदीखत नोंदणीकृत असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयात प्रमाणित नक्कल मिळते, दस्त क्रमांक आणि वर्ष हाताशी असलं की काम सोपं. लगद्यातलं पान सुटं करायचा प्रयत्न करण्याआधी जे वाचता येतंय त्याचे फोटो काढा, तो क्रमांक बहुतेक पहिल्या पानाच्या शिक्क्यातच असतो. पुढे कागद लोखंडी पेटीत, आणि पेटी विटांवर, भिंतीपासून सुटी.

जोतेवाला

चौकटींचं राहिलं होतं. हातभर पोकळ झालेली चौकट पुटी भरून वाचवू नका, दार तिच्यावर झुलतंय. सुतार खालचा भाग कापून नवा सांधा देऊ शकतो, पण माजघराचं दार मोठं असणार, मला विचाराल तर बदला. नवी बसवताना पाय लादीत गाडायचे नाहीत, खाली ग्रॅनाइटचा तुकडा किंवा दगडी उंबरा. बहुतेक ठिकाणी वाळवी इथूनच शिरते, कारण गवंडी चौकट आधी उभी करतो आणि लादी मागाहून तिच्याभोवती बसवतो.

सागवान म्हणून मिळतं त्यावर जाऊ नका. सागाचा गाभा वाळवीला नकोसा, पण कडेचं पांढरट लाकूड ती आनंदाने खाते, आणि हल्लीच्या कोवळ्या सागात पांढरंच जास्त. जुन्या पाडलेल्या घराचा साग मिळाला तर सोनं. फडताळाला एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड चुकूनही नको.

विनायक_चिपळूण

बिलाचं कोणी बोललं नाही. बिलावर औषधाचं नाव, टक्केवारी, कुठल्या खोल्या, भोकांची संख्या आणि परत तपासणीला कधी येणार हे सगळं लिहून घ्या. नुसतं "अँटी टर्माइट ट्रीटमेंट, १० वर्षे" असं बिल म्हणजे रद्दी. बऱ्याच हमीपत्रांत दरवर्षी तपासणी करून घेतली तरच हमी चालू, आणि लादी उखडली की हमी संपली, असं बारीक अक्षरात असतं. तुम्ही चौकटी बदलणार म्हणजे लादी थोडी उखडणारच, तेव्हा आधी सुतार-गवंडी, मग औषध. आणि परवाना मागा. पैसे घेऊन पेस्ट कंट्रोल करायला कीटकनाशक कायदा १९६८ खाली परवाना लागतो. दाखवायला आढेवेढे घेतो तो नको.

मीनल_ठाणे

सगळ्यांचे आभार. ठरलं ते असं: विहिरीकडच्या दोन्ही चौकटी काढून दगडी उंबरा, बाकी घराला आतून इमिडाक्लोप्रिड, फडताळ पाडूनच टाकायचं. आबांना सांगून लाकडं हलवायला सुरुवात केलीय. काम गणपतीआधी उरकावं की नंतर? सगळे जमतात, तेव्हा घर नीट हवं असं आईचं म्हणणं.

जोतेवाला

गणपतीआधी नको. पावसात जमीन पाण्याने भरलेली असते, भोकात औषध जिरत नाही आणि वाहून कुठे जाईल सांगता येत नाही. दिवाळीनंतर करा, जमीन वाळलेली असते. तोवर चौकटीचं काम उरकून घ्या. औषध मारतील तेव्हा आईंना ठाण्यालाच ठेवा आणि नंतर दारं-खिडक्या दोन-तीन दिवस उघड्या ठेवून मगच आणा.

काकू_सावंतवाडी

आणि पहिल्या पावसात दिव्यावर पंखवाले किडे आले की घरातले दिवे मालवा, बाहेर एक लावा, खाली परातीत पाणी. तीच वाळवी असते ती, नवं घर शोधायला निघालेली.

टिल्लू_पुणेकर

काळ्या कागदावर बघितलं. मैदा आहे. फळी काढतोय.