स्वस्तातल्या टेबलाचा मुलांसाठी फळा करायचाय: कोणता रंग, किती हात?

प्रश्न
६० × ९० सेंमीचं बुटकं टेबल आहे, वर गुळगुळीत पांढरं लॅमिनेट. खडूने लिहिता येईल असा पृष्ठभाग करायचाय. मुलं ३ आणि ५ वर्षांची. चॉकबोर्ड पेंट थेट मारला तर चालेल का? किती लागेल?

उत्तर १
थेट नको. लॅमिनेट रंग पीत नाही, त्यामुळे रंग नुसता वर बसतो आणि मुलांच्या नखांनीही त्याची सालपटं निघतात. आधी साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने तेलकटपणा काढा, वाळू द्या, मग १५० नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी जाईपर्यंतच घासा. स्वस्त टेबलात वरचा थर कागदाइतका पातळ असतो आणि आत दाबलेला भुसा, नाहीतर चक्क पोकळ पुठ्ठा. जास्त घासलंत की तो उघडा पडतो, पाणी लागलं की फुगतो आणि फुगलेला पुन्हा बसत नाही. कडांना जास्त जपा.

मग लॅमिनेटवर धरणाऱ्या प्रायमरचा (रंगाआधी लावायच्या पायाच्या थराचा) एक हात, डब्यावर तसा उल्लेख हवा. पूर्ण वाळल्यावर कोपऱ्यात ब्लेडने बारीक फुली मारून चिकटपट्टी दाबा आणि झटक्यात ओढा. पट्टीला प्रायमर आला तर खरवडून पुन्हा घासा. सगळं ठीक असेल तर २२० नंबरने हलकं घासून धूळ पुसा.

रंगाचा हिशोब: पृष्ठभाग ०.५४ चौ. मी. लिटरभर रंग एका हाताला साधारण १० चौ. मी. जातो असं धरलं, तर तीन हातांना १६० मिली. रोलर पितो तेही धरून २५० मिली पुरे. ब्रश नको, फोमचा छोटा रोलर घ्या. ब्रशच्या रेषांत खडूची भुकटी अडकते आणि फळा कायम मळकट दिसतो. पहिला हात उभा, दुसरा आडवा, तिसरा पुन्हा उभा. दोन हातांमधला वेळ डब्यावर दिलेला पाळा. कडा झाकायला मास्किंग टेप लावली असेल तर ती शेवटचा हात ओला असतानाच काढा, नाहीतर कड फाटते.

प्रश्न
वाळला की लगेच लिहायला देऊ?

उत्तर १
हाताला कोरडा लागला म्हणजे आतून कडक झाला असं नाही. किमान ३ दिवस थांबा. मग खडू आडवा धरून अख्खा फळा पांढरा करा, कोरड्या कापडाने पुसा, पुन्हा एकदा तेच. हे चुकवलं तर पहिलं चित्र कायम पुसट दिसत राहतं, कारण रंगातल्या बारीक छिद्रांत त्याच रेषांची भुकटी जाऊन बसते.

उत्तर २
वरचं सगळं बरोबर, पण टेबल म्हणजे भिंत नव्हे. भिंतीवरची भुकटी खाली पडते, इथे ती बाह्यांना लागते. म्हणून कडेने ५ सेंमी पट्टी न रंगवता सोडा, कोपर टेकायला. खडू गडगडू नये म्हणून दोन बाजूंना बारीक पट्टी ठोका.

खरं तर मी टेबलाला हातच लावणार नाही. ६ मिमीचा एमडीएफ (लाकडाचा बारीक भुसा दाबून केलेला बोर्ड) मापात कापून रंगवा आणि वर ठेवा. खराब झाला तर बदलता येतो, खाताना उचलून ठेवता येतो. फक्त प्रायमर दोन्ही बाजूंना आणि कडांनाही लावा, एकाच बाजूला लावला तर बोर्ड वाकतो.

उत्तर ३
तीन गोष्टी राहिल्या. वर वार्निश मारू नका, खडू उमटणारच नाही. मेणाचे खडू या टेबलापासून लांब ठेवा, मेण लागलेल्या जागी साधा खडू घसरतो. आणि टेबल लॅमिनेटचं नसून जुनं रंगवलेलं असेल तर कोरडं घासू नका, जुन्या रंगात शिसं असू शकतं. तिथे उत्तर २ मधला सुटा बोर्डच बरा.