एनबीएची सॅलरी कॅप: सेल्टिक्स एवढे वर होते तरी चाललं कसं?

पहाटेचा_हूपर
मित्रांनो एक शंका बरेच दिवस डोक्यात घोळतेय. 2024-25 ला एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगची सॅलरी कॅप, म्हणजे टीमच्या एकूण पगारांची मर्यादा, होती साधारण 14.06 कोटी डॉलर आणि बोस्टन सेल्टिक्सचे पगार 19 कोटींच्या पुढे. आयपीएलच्या ऑक्शनमध्ये पर्स (2025 ला 120 कोटींची होती) संपली की संपली, मग इथे कॅपला कॅप का म्हणायचं? आणि चालत होतं तर 2025 ला जरू हॉलिडे आणि पोर्झिंगिस दोघांनाही का घालवलं? 2024 ची चॅम्पियन टीम होती राव, फार वाईट वाटलं.

कोथरूडकर33
आधी ते पर्सचं डोक्यातून काढ. ही सॉफ्ट कॅप आहे. बाहेरच्या खेळाडूला घ्यायला जागा आहे का एवढंच ती मुख्यतः बघते, स्वतःचा खेळाडू ठेवायला जागा लागत नाही. त्यालाच बर्ड राइट्स म्हणतात, सेल्टिक्सचा जुना स्टार लॅरी बर्डच्या नावावरून. खेळाडू तीन सीझन वेव्ह (मधेच करारातून मोकळा) न होता आणि फ्री एजंट (करार संपलेला, कुठेही जाऊ शकणारा) म्हणून टीम न बदलता खेळला की त्याची टीम कॅपच्या कितीही वर असो, त्याला मॅक्सपर्यंत (नियमात बसणाऱ्या सर्वात मोठ्या पगारापर्यंत) देऊ शकते. आणि सगळ्यात भारी म्हणजे ट्रेड (टीम्समधली खेळाडूंची अदलाबदल) झाला तरी हे राइट्स खेळाडूबरोबर नव्या टीमकडे जातात. एक्स्टेन्शनलाही, म्हणजे चालू करार वाढवायलाही, जागा लागत नाही. सेल्टिक्सचे टेटम आणि ब्राउन ड्राफ्टमधले (नवे खेळाडू निवडायच्या वार्षिक फेरीतले), व्हाइट आणि हॉलिडे ट्रेडने आलेले, चौघांची एक्स्टेन्शन्स कॅपच्या वर राहूनच झाली.

दोनच वर्षं झाली असतील तर अर्ली बर्ड, म्हणजे आधीच्या पगाराच्या 175 टक्के किंवा लीगच्या सरासरीच्या 105 टक्के, यातलं जे जास्त ते. लेकर्सनी 2023 ला ऑस्टिन रीव्ह्जला 4 वर्षांचे 5.4 कोटींच्या आसपास दिले ते याच वाटेने.

जुना_वुल्व्हजवाला
बर्ड राइट्सची किंमत काय असते ते आम्हाला विचारा. मिनेसोटाकडे, म्हणजे आमच्या वुल्व्हजकडे, जो स्मिथ नावाच्या खेळाडूला मोठे पैसे द्यायला जागा नव्हती, म्हणून गुपचूप ठरलं की तो एकेका वर्षाचे स्वस्त करार करणार आणि तीन वर्षांनी राइट्स मिळाले की मोठा करार. हे चक्क लेखी होतं आणि 2000 साली बाहेर आलं. 35 लाख डॉलर दंड आणि पाच फर्स्ट राउंड पिक्स (ड्राफ्टच्या पहिल्या फेरीतले निवडीचे हक्क) काढून घेतले, काही नंतर परत मिळाले पण आमचा स्टार गार्नेट ऐन भरात असताना त्याच्याभोवती टीम उभी करायचे दिवस होते ते. मला अजून ते लागतं.

पहाटेचा_हूपर
बाप रे, हे माहीतच नव्हतं. पण मग आधी रिकाम्या जागेत बाहेरचा स्टार घ्यायचा आणि नंतर आपल्या माणसाला राइट्स वापरून ठेवायचं, असं सगळेच का करत नाहीत?

कोथरूडकर33
कारण कॅप होल्ड. आपल्या खेळाडूचा करार संपला तरी त्याच्या नावाने एक रक्कम कॅपमध्ये धरून ठेवतात, एसटीत सीटवर रुमाल टाकतात ना तसं. रुमाल उचललास तर सीट मोकळी होते पण हक्क गेला. बहुतेक वेळा रुमालच एवढा मोठा असतो की दुसऱ्याला जागा उरत नाही. स्पर्सनी 2015 ला हे फार सुंदर जमवलं होतं, कवाय लेनर्डचा होल्ड जेमतेम 72 लाखांचा आणि होणारा पगार पहिल्या वर्षाला 1.64 कोटींचा, तो सही करायचा थांबला, मधल्या फटीत आल्ड्रिजला आणलं आणि मग लेनर्डची सही. खेळाडूने एवढा विश्वास ठेवला हे मला जास्त आवडतं.

बेंचवरून_बघणारा
हॉलिडेचं राहिलंच. लीग आणि खेळाडूंच्या संघटनेच्या 2023 च्या करारात सेकंड एप्रन आला, म्हणजे कॅपच्या बरीच वरची एक रेघ, 2024-25 ला ती होती 18.89 कोटींवर. लक्झरी टॅक्स (पगार ठराविक रकमेच्या वर गेले की लीगला भरायचा दंड) नुसते पैसे मागतो, श्रीमंत मालक भरून मोकळा होतो. एप्रन हातपाय बांधतो. मिड-लेव्हल एक्सेप्शन (कॅपच्या वर असूनही बाहेरचा मध्यम पगाराचा खेळाडू घ्यायची सवलत) बंद, दोन खेळाडूंचे पगार जोडून एक मोठा आणता येत नाही, ट्रेडमध्ये रोख देता येत नाही, पाठवला त्यापेक्षा जास्त पगार परत घेता येत नाही, वर सात वर्षं पुढचा फर्स्ट राउंड पिक गोठतो, म्हणजे ट्रेड करता येत नाही. बाहेरून घ्यायचे तर मिनिमम पगारवालेच. 2025-26 ला टेटमचा सुपरमॅक्स (नेहमीच्या मॅक्सपेक्षाही मोठा करार) सुरू होणार होता, पगार आणि टॅक्स मिळून 50 कोटींच्या आसपास जातील अशी गणितं मांडली जात होती, त्यात टेटमचा अकिलीस (टाचेमागचा स्नायूबंध) तुटलेला. मग हॉलिडे पोर्टलंडला, पोर्झिंगिस अटलांटाला.

मला स्वतःला हे पटत नाही. विकत आणलेला स्टार आणि स्वतः ड्राफ्ट करून घडवलेला खेळाडू, एप्रनला दोघं सारखेच. घडवलेल्याच्या पगारातला काही भाग तरी मोजू नये.

जुना_वुल्व्हजवाला
शेवटच्या मुद्द्याला सहमत, पण 2016 आठव. कॅप एका उन्हाळ्यात 7 कोटींवरून 9.41 वर गेली आणि 73 सामने जिंकलेल्या वॉरियर्सनी बाहेरचा स्टार ड्युरांट घेतला. पुढची दोन वर्षं फायनलचा निकाल आधीच माहीत असल्यासारखं वाटायचं, छोट्या शहरांच्या टीम्सनी कुठे जायचं मग? सूट द्या, पण रेघ पाहिजेच.