मदत हवी आहे: ‘ग्रे-एसेक्शुअल’ (लैंगिक आकर्षण अगदी क्वचित वाटणारी व्यक्ती) म्हणजे काय, हे आईला मराठीत कसं समजावू?

वय 31, पुण्यात नोकरी, घरी स्थळं बघणं जोरात. गेल्या रविवारी कांदेपोहे झाल्यावर गच्चीत त्या मुलाशी तासभर गप्पा झाल्या. छान माणूस. रात्री भांडी विसळता विसळता आईने विचारलं, “मग? आवडला का?” आवडला होता. पण ती ज्या अर्थाने विचारत होती तसं काही वाटलं नव्हतं. तसं मला आजवर दोनदाच वाटलंय. एकदा कॉलेजात, एकदा 27व्या वर्षी, तेही महिनाभरात विरलं.

एसेक्शुअल (कुणाबद्दलच लैंगिक आकर्षण न वाटणारी) म्हणावं तर हे दोन प्रसंग आड येतात. डेमीसेक्शुअलही (भावनिक जवळीक झाल्यावरच आकर्षण वाटणारी) नसावी, कारण कॉलेजातल्या त्या मुलाशी धड ओळखसुद्धा नव्हती. 2010 सालच्या एसेक्शुअल झेंड्यात काळ्या-पांढऱ्याच्या मधे राखाडी पट्टा आहे, तो आमच्यासारख्यांचा, हे कळल्यावर हायसं वाटलं. एका समुपदेशक बाईंनी मात्र “लग्न झालं की होईल सगळं” म्हणून बोळवण केली. (फी पूर्ण घेतली.)

स्थळाला हे पहिल्याच भेटीत सांगायचं की नंतर? कुणी सांगितलंय का? आणि आईसाठी ‘ब्रह्मचर्य’, ‘थंडपणा’ सोडून एखादा बरा शब्द सुचवा. थायरॉइड तपासून झालंय, नॉर्मल आहे.