कापराच्या काजळीपासून कार्बनच्या सोलर सेलपर्यंत: आपल्या कॉलेजांनी हे काम हाती घ्यावं का?

तलावपाळी_ठाणे (धागा)

जूनमध्ये पावसाने दोन दिवस उघडीप दिली, तेव्हा अकरावीच्या चार मुलींबरोबर घरीच एक सोलर सेल बनवला. वीज वाहून नेणाऱ्या काचेच्या दोन पट्ट्या घेतल्या. एकीवर टायटॅनियम डायऑक्साइडचा पातळ थर दिला, तो भाजून घेतला आणि जांभळाच्या रसात बुडवून ठेवला. दुसरी कापराच्या ज्योतीवर फिरवून तिच्यावर काजळी धरली, आजी काजळ धरायची अगदी तशी. दोन्ही पट्ट्यांमध्ये आयोडीनच्या द्रावणाचे दोन थेंब आणि बाजूला चिमटे. गॅलरीच्या उन्हात धरल्यावर मल्टिमीटरने ०.३८ व्होल्ट दाखवले. ग्रेट्झेल आणि ओ'रेगन या शास्त्रज्ञांनी १९९१मध्ये मांडलेल्या सेलचं हे घरगुती रूप. त्यात एरवी प्लॅटिनम असतं, तिथे आमची काजळी, म्हणजे कार्बन, होती.

एकीने लगेच विचारलं, "मॅडम, सगळाच सेल कार्बनचा नाही का होणार?"

झालेला आहे. २०१२मध्ये स्टॅनफर्डला झेनान बाओ यांच्या गटाने तो केला. एका बाजूला ग्राफीन, म्हणजे कार्बनचा अणूएवढा पातळ पापुद्रा, दुसऱ्या बाजूला कार्बनच्या नॅनोनळ्या, म्हणजे अतिसूक्ष्म पोकळ नळ्या, आणि प्रकाश शोषणाऱ्या मधल्या थरात नळ्यांबरोबर साठ अणूंचा चेंडूसारखा फुलरीन. कार्यक्षमता १ टक्क्याहूनही कमी. गच्चीवरचं सिलिकॉन पॅनल २० ते २२ टक्के देतं.

हा आकडा ऐकला की लोक विषय सोडून देतात. मला सोडवत नाही. सिलिकॉनसाठी गारगोटी कोकबरोबर २००० अंशांच्या आसपास भट्टीत तापवायची, मग शुद्ध करायची, १४१४ अंशांवर पुन्हा वितळवून स्फटिक ओढायचा, त्याच्या चकत्या कापायच्या. नॅनोनळ्यांची शाई करून ती काचेवर पसरता येते. शिवाय साधारण ११०० नॅनोमीटरपलीकडचं अवरक्त किरण सिलिकॉनमधून आरपार जातं, ते पकडणाऱ्या नळ्या निवडता येतात.

आणि हे काम आपल्याला परकं नाही. आयआयटी मुंबईत प्राध्यापक महेश्वर शेरॉन यांनी कापरापासून कार्बनचे नॅनोपदार्थ बनवण्यावर वर्षानुवर्षं संशोधन केलं, सोलर सेलसाठीचा कार्बनही त्यात होता. पवई इथून किती लांब आहे? ठाणे आणि नवी मुंबईच्या कॉलेजांतल्या रसायनशास्त्र विभागांनी हा विषय धरावा असं मला मनापासून वाटतं.

तुर्भे_एमआयडीसी

मॅडम, प्रयोग आवडला, पण निष्कर्ष पटला नाही. तुमच्या सेलमध्ये वीज काजळीने केलीच नाही. प्रकाश पकडला जांभळाने, इलेक्ट्रॉन घेतला टायटॅनियम डायऑक्साइडने. काजळीने फक्त परतीची वाट दिली.

मी गच्च्यांवर पॅनल बसवतो, म्हणून जागेचा हिशेब सांगतो. भर उन्हात २० टक्क्यांच्या पॅनलने १० किलोवॅट घ्यायला ५० चौरस मीटर लागतात. १ टक्क्याने १,००० चौरस मीटर. एवढी गच्ची कोणाकडे आहे? त्यात तयार होणाऱ्या नॅनोनळ्यांपैकी साधारण एक तृतीयांश धातूसारख्या वागतात. त्या मिसळल्या की आतल्या आत वीज मुरते. फुलरीन उजेडात हवेच्या ऑक्सिजनने बिघडतो. इथे मार्चमध्ये शेडवरचं पॅनल पुसलं की फडकं काळं होतं आणि जूनपासून चार महिने पाऊस. त्यातही सिलिकॉन २५ वर्षं टिकतं.

"सिलिकॉनही लहानच होतं" असं कोणी म्हणेल. १९५४मध्ये बेल लॅब्जचा पहिला उपयोगी सेलच ६ टक्क्यांचा होता. कॉलेजला पैसा आणि मुलांची वर्षं मोजून मिळतात, ती पेरोव्हस्काइटवर, म्हणजे द्रावणातून थर देऊन बनणाऱ्या नव्या सोलर पदार्थावर लावा.

नेरूळ_सोसायटी_सेक्रेटरी

ताई, राग मानू नका, पण अशा लेखांचा फटका आम्हाला बसलाय. लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांसाठी १० किलोवॅटचा ठराव सभेत आणला होता. केंद्राच्या सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, कोटेशनही हातात होतं. एका सभासदांनी मोबाइल पुढे केला: "कार्बनचे पॅनल येतायत, भिंतीला रंगासारखे लावायचे. दोन वर्षं थांबू." ठराव पुढे ढकलला. दिवसाला साधारण ४० युनिट आम्ही गच्चीवर वाया घालवतोय आणि बिल भरतोय. हे संशोधन गच्चीसाठी नाही, असं पहिल्याच ओळीत लिहीत जा ना.

तलावपाळी_ठाणे

ते लिहायला हवं होतं, चूक माझी. आज गच्चीवर सिलिकॉनच लावा, एक दिवसही थांबू नका. हवं तर माझा हा प्रतिसाद सभेत वाचून दाखवा.

तुर्भेकर, परतीची वाट तुम्ही हलक्यात घेताय. पेरोव्हस्काइटच्या सेलमध्ये त्या वाटेवर बरेचदा सोनं लागतं. २०१४मध्ये चीनमधल्या वुहानच्या हान होंगवेई यांच्या गटाने तिथे कार्बन छापला. १२.८ टक्के प्रमाणित कार्यक्षमता मिळाली आणि सेल उघड्या हवेत, उजेडात १,००० तासांहून जास्त टिकला. म्हणजे तुम्ही सुचवलेल्या वाटेवरही कार्बन आहेच. धातूसारख्या नळ्या वेगळ्या कशा काढायच्या, हा तर निव्वळ रसायनशास्त्राचा प्रश्न आहे. एमएस्सीच्या मुलांनी नाही तर कोणी हात घालायचा?

तुर्भे_एमआयडीसी

परतीच्या वाटेचं, म्हणजे इलेक्ट्रोडचं, मान्य. तिथे कार्बनला जागा आहे, आणि कॉलेजात ते छापूनही बघता येईल. संपूर्ण कार्बनच्या सेलबद्दल माझं मत तेच राहील.

एक मात्र कळकळीने सांगतो. नॅनोनळ्यांची कोरडी पूड मुलींच्या हाती देऊ नका. त्यातल्या एका लांब, ताठ प्रकाराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१४मध्ये संभाव्य कर्करोगकारक ठरवलंय. द्रावणात घ्या, हवा ओढणाऱ्या कपाटाखाली घ्या. पेरोव्हस्काइटमध्ये शिसं असतं, त्यालाही हेच.

आणि तुमचा सेल टिकला किती दिवस, ते लिहिलं नाहीत.

तलावपाळी_ठाणे

पूड आणणार नाही, शब्द देते. सेल चार दिवस चालला. पाचव्या दिवशी आयोडीन उडून गेलेलं, काच कोरडी. या वेळी कडा मेणाने बंद करायचं ठरवलंय.

तुर्भे_एमआयडीसी

मेण उन्हात मऊ पडेल. आमच्याकडे सीलंटच्या अर्ध्या ट्यूब उरतात, शनिवारी येऊन घेऊन जा. लावल्यावर एक दिवस सुकू द्या, मगच उन्हात ठेवा.