तीळ की मेलानोमा: डर्मोस्कोप असताना सुरी कशाला?

ब्रिस्बेनकर:
काल इथे कुणीतरी लिहिलं, 'यंत्र तीळ बघून निदान सांगतं, बायोप्सी ही डॉक्टरांची कमाई.' राहवलं नाही म्हणून हा धागा. इथे ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये मेलानोमा, म्हणजे त्वचेचा घातक कर्करोग, घरोघरी ऐकू येतो. डर्मोस्कोपने, म्हणजे त्वचेवर टेकवायच्या दिव्याच्या भिंगाने, कुठला तीळ न काढता सोडायचा ते ठरतं. संशय आला की काढूनच तपासतात. तीळ तपासणाऱ्या मेलाफाइंड यंत्राचं काय झालं? २०११ साली अमेरिकेत एफडीएची मान्यता मिळाली, पण चाचणीत शंभर साध्या डागांतले जेमतेम दहा त्याने 'काढायला नको' म्हणून सोडले.

चौकस:
ते मीच लिहिलं होतं. त्याच चाचणीत डॉक्टरांनी शंभरातले चारसुद्धा सोडले नव्हते, ते का गाळलंत? माझ्या पाठीवरचे तीन तीळ काढले, तिन्ही साधे. एक व्रण अजून खाजतो. कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाने न कापता त्वचेतल्या पेशी दिसतात, मग आधी ते का नाही?

मिरजेची_सून:
कॉन्फोकलला पाव मिलिमीटरच्या खालचं दिसत नाही. टाचेचा कडक थरच त्याहून जाड! आपल्याकडे मेलानोमा कमी, पण होतो तो बऱ्याचदा तळपायाला नाहीतर नखाखाली. सासूबाईंच्या टाचेवरच्या काळ्या डागाला दोन वर्षं कुरूप म्हणून कॉर्न कॅप लावली. बायोप्सी सांगितली तर घरात एकच घोष, 'लोखंड लागलं की पसरतो.' चार महिने गेले. मग जांघेत गाठ आली.

ब्रिस्बेनकर:
शिकल्यासवरल्या घरात चार महिने? कुणीच बोललं नाही?

मिरजेची_सून:
मी बोलले होते. नव्या सुनेचं कोण ऐकतं? तिकडे बसून विचारणं सोपं आहे. त्या गेल्या तेव्हा 'लोखंड' म्हणणारे सगळे अंगणात उभे होते.

ब्रिस्बेनकर:
चुकलं माझं. असं विचारायला नको होतं.

त्वचारोग_शिकाऊ:
सुरीने पसरतो हा समज मी ओपीडीत रोज ऐकते. पसरतो तो वेळ घालवल्याने. आणि तळपायाला कॉन्फोकल नको, साधा डर्मोस्कोप लावा. रंग कातडीवरच्या रेषांच्या खाचेत असेल तर बहुधा साधा तीळ, उंचवट्यावर असेल तर धोक्याची खूण. जपानचे त्वचारोगतज्ज्ञ सायदा यांनी २००४ साली दाखवलं, की ही खूण ८६% मेलानोमांत सापडते, साध्या तिळांत जवळपास नाहीच.

चौकस:
म्हणजे दोन वर्षांपूर्वी कुणी नुसता डर्मोस्कोप टेकवला असता तर? माझं म्हणणं तेच होतं. 'कमाई' हा शब्द मात्र मागे घेतो. पाठीवर चौथा तीळ आहे. आधी डर्मोस्कोपखाली बघायला लावीन, त्यानंतर काढा म्हणाले तर काढून घेईन.

मिरजेची_सून:
पाठीबरोबर तळपायही दाखवा.